जवारीचा फोटो

तंबोऱ्याची घोडी तळहातात मावते. तिच्यावरून चार तारा जातात, प्रत्येक तारेखाली सुताचा एकेक दोरा, मागे तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी पाट्यावर, सूर बारीक जुळवायचे मणी आणि अगदी शेवटी तारा अडकवलेला लंगोट. हा एवढासा ऐवज तिरक्या कोनातून, जवळून टिपायला गेलं की घोडीची पुढची कड स्वच्छ येते तेव्हा दोरे धुरकट असतात, आणि दोरे स्वच्छ आले की मणी म्हणजे नुसते रंगीत ठिपके उरतात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका दुकानाने मला नेमकं हेच काम दिलं. घोडी, तारा, दोरे, मणी, सगळं एकाच फोटोत आणि सगळं स्पष्ट.

मी राहतो सांगलीत, विश्रामबागला. लग्नसराई हा मुख्य धंदा. उरलेल्या महिन्यांत वस्तूंचे फोटो: तासगावच्या बेदाण्याची पाकिटं, हळदीच्या बरण्या, सराफ कट्ट्यावरच्या नथी नि ठुशा. फोकस स्टॅकिंगशी ओळख झाली ती नथीमुळेच. कॅमेरा जागचा न हलवता फोकस थोडा थोडा मागे सरकवत एकाच वस्तूचे बरेच फोटो काढायचे, आणि मग सॉफ्टवेअरकडून प्रत्येक फोटोतला फक्त स्पष्ट भाग उचलून त्यांचा एक अखंड फोटो करून घ्यायचा, एवढीच ही युक्ती. नथीला ती छान मानवते. मोती गोल, एकमेकांना चिकटलेले, मध्ये फारशी पोकळी नाही. तंबोऱ्याच्या तारा मात्र हवेत ताणलेल्या असतात, आणि हवेत ताणलेल्या तारेशी या युक्तीचं मुळातच वाकडं आहे. हे मला पुस्तकी माहिती म्हणून ठाऊक होतं. मिरजेत ते प्रत्यक्ष दिसलं.

दुकान चाचांचं. ऑनलाइन ऑर्डरी, कुरिअर, पत्रव्यवहार बघतो त्यांचा पुतण्या. मिरजेत तंतुवाद्यं घडायला लागली ती १९व्या शतकाच्या मध्याला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला वेगवेगळं भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पुतण्याने दुकानाच्या पानावर त्याचा उल्लेख ठळक केला होता. चौकशा परदेशातून येत होत्या, पण एका टप्प्यावर अडायच्या.

"दादा, भोपळा बघून सगळे खूश हुतात," तो म्हणाला. "नक्षी बघून खूश हुतात. आणि मग म्हणतात, जवारीचा क्लोजअप पाठवा. मी फोनवरनं पाठवतो, तर म्हणतात, काय दिसंना."

जवारी म्हणजे तार घोडीवर टेकते, घासते ती जागा. त्याच्या फोनवरचे फोटो बघितले. वाईट नव्हते. फोनचा सेन्सर लहान, त्यामुळे फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट येतो ती, तशी बरी मिळते. पण झूम केलं की दोरा कुठे संपतो आणि तार कुठे टेकते हे समजत नव्हतं, सगळं तेलकट दिसत होतं. आणि घेणाऱ्याला तेवढंच तर बघायचं होतं.

ते त्याला का बघायचं असतं, हे चाचांनी मला तासभर बसवून सांगितलं आणि ते ऐकल्याशिवाय मी कॅमेरा काढला असता तर काम फुकट गेलं असतं. घोडीचा वरचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण सपाट नसतो. हाडाच्या पट्टीला पुढून मागे अगदी अलवार उतार दिलेला असतो. तार त्या उतारावर जवळजवळ झोपलेली असते, छेडली की त्याला घासत थरथरते, आणि त्या घासण्यातून वरचे स्वर फुटतात. दोरा तारेखाली पुढे-मागे सरकवून तार नेमकी कुठे सुटायची ते ठरवतात. चाचा कानशीने पट्टीवर दोन हात मारतात, तार छेडतात, ऐकतात, पुन्हा पॉलिश पेपर फिरवतात. जवारी उघडी हवी की बंद, म्हणजे हे वरचे स्वर मोकळे हवेत की दबलेले, हे ज्याच्या त्याच्या गळ्यावर आणि आवडीवर. तार घोडीवरून सुटते तिथलं अंतर मिलिमीटरच्या अंशात असतं. जाणकार माणूस ते अंतर डोळ्यांनी वाचतो. म्हणजे या फोटोत बाकी काही इकडेतिकडे झालं तरी चालेल, पण तार आणि घोडी यांच्यातली ती फट खरी आली पाहिजे.

आता थोडं गणित. ज्यांना नको त्यांनी दोन परिच्छेद सोडावेत.

माझा कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा, २४ मेगापिक्सेलचा. लेन्स ९० मिलिमीटर मॅक्रो. दोऱ्याचा फोटो खऱ्या आकारात, म्हणजे एकास एक प्रमाणात सेन्सरवर घ्यायचा तर एफ/८ वर फोकसची एकूण खोली भरते साधारण ०.६ मिलिमीटर. अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपासही नाही. मग लोक म्हणतात, अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, बारीक कर. एफचा आकडा जितका मोठा तितकं भोक बारीक. एफ/२२ वर नेलं तरी खोली होते पावणेदोन मिलिमीटर, आणि त्याची किंमत भारी पडते. एकास एक प्रमाणात लेन्स लांबते, त्यामुळे एफ/२२ प्रत्यक्षात एफ/४४ सारखं वागतं. इतक्या बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो आणि एका बिंदूची चकती होते. हिशेब केला तर ती चकती सुमारे ०.०६ मिलिमीटरची येते, आणि माझ्या सेन्सरचा एक पिक्सेल आहे ०.००४ मिलिमीटरचा. एक ठिपका पंधरा पिक्सेलवर सांडला. म्हणजे सगळंच सारखं मऊ. एफ/५.६ वर चकती पाव होते, फोटो करकरीत येतो, पण खोली जेमतेम ०.४५ मिलिमीटर. एका फोटोत दोन्ही मिळत नाही, म्हणून अनेक फोटो.

संपूर्ण घोडीच्या फोटोला गणित जरा दयाळू आहे. सात सेंटिमीटरची चौकट म्हणजे एकास तीन प्रमाण, एफ/८ वर पावणेचार मिलिमीटर खोली. मला पुढच्या कडेपासून शेवटच्या तारेपर्यंत साडेचार सेंटिमीटर पार करायचे होते. शेजारच्या दोन फोटोंतले स्पष्ट भाग एकमेकांवर चांगले चढले पाहिजेत, म्हणून टप्पा खोलीच्या निम्मा धरला. वीस-पंचवीस फोटोंत घोडी होते. दोऱ्याला मात्र पंधरा मिलिमीटर जाण्यासाठी पन्नास लागतात.

फोकस सरकवायचा कसा, यावर मतं फार. रेल नावाचं एक साधन मिळतं, स्क्रू फिरवला की अख्खा कॅमेरा पुढे-मागे होतो. ते दिसायला भारदस्त असतं. पण कॅमेरा सरकला की बघण्याची जागाच बदलते, आणि पुढची तार मागच्या तारेवरून सरकल्यासारखी दिसते. नथीला याने फरक पडत नाही, तारांना पडतो. एकास एकपेक्षा जास्त मोठं काढायचं असेल तर रेल. त्याच्या खाली लेन्सची रिंग फिरवणं बरं. कोल्हापूरच्या एका मित्राने त्याचा फोकस ब्रॅकेटिंग असलेला कॅमेरा चार दिवस वापरायला दिला. त्यात सुरुवात सांगितली, किती फोटो आणि किती टप्पा ते सांगितलं की कॅमेरा स्वतः लेन्स सरकवत जातो. त्यातला टप्प्याचा आकडा १ ते १० असा असतो आणि त्याचा मिलिमीटरशी थेट संबंध नसतो. लेन्स बदलली, अॅपर्चर बदललं, की त्याच आकड्याचा अर्थ बदलतो. म्हणून आधी स्टीलची फूटपट्टी तिरकी ठेवून तिच्यावर स्टॅक काढला. टप्पा मोठा पडला असेल तर जोडलेल्या फोटोत स्पष्ट-धूसर-स्पष्ट असे पट्टे दिसतात आणि पट्टीवरच्या खुणा वाचून नेमके कुठे ते कळतं. वस्तूवर हेच पट्टे दिसतात तेव्हा वाटतं पॉलिशच तसं आहे.

जागेचा प्रश्न निराळाच निघाला. खालच्या खोलीत काम चालतं: कानस, रंधा, सरस, लाकडाचा बारीक भुसा. तो भुसा मॅक्रो लेन्समधून बघितला तर ओंडके वाटतात. म्हणून पुतण्याने वरची माडी रिकामी करून दिली. उजेड सुंदर, वारा बेताचा. ट्रायपॉड लावला, एलईडी दिवे लावले, शटर अर्ध्या सेकंदावर आलं, पहिला स्टॅक काढला आणि संगणकावर जोडला तर प्रत्येक तार दुहेरी.

माडीची जमीन लाकडी फळ्यांची. मी बटण दाबायला झुकलो तरी ट्रायपॉडचा एक पाय केसभर खाली जात होता. जिन्यावरून कोणी चढलं की पूर्ण चौकट हलायची. रस्त्यावरून ट्रक गेला की तारा स्वतः थरथरायच्या, आणि त्यासाठी तर त्या बनवलेल्याच. सॉफ्टवेअर फोटो एकमेकांवर बसवून घेतं हे खरं, सरकणं, थोडं फिरणं, लहान-मोठं होणं ते सावरतं. पण अर्ध्या सेकंदात जे हललं ते फोटोतच पुसट झालेलं असतं. ते कोणी सावरत नाही.

तेव्हा मुक्काम खाली हलवला. रात्री काम बंद झाल्यावर. शहाबादी फरशी, तीही धुऊन घेतलेली, पंखा बंद, दार लावलेलं. एलईडी ठेवून दिले आणि दोन छोटे फ्लॅश बटर पेपरच्या पडद्यामागे उभे केले. फ्लॅशचा झोत इतका अल्पकाळ असतो की शटर कितीही वेळ उघडं असलं तरी खोली अंधारी असेल तर फोटो फक्त झोताचाच येतो. थरथर हा विषयच संपला. फक्त दोन फोटोंमध्ये फ्लॅशला पुरता दम खाऊ द्यावा लागतो. घाई केली की मधलाच एखादा फोटो अंधारा येतो आणि जोडलेल्या चित्रात तेवढीच एक पट्टी काळवंडते. मी फ्लॅशची शक्ती एकअष्टमांशावर ठेवली, सेल ताजे घातले, मध्ये चार-पाच सेकंद सोडले. बाकी सगळं हाताने कुलूपबंद: मॅन्युअल एक्स्पोजर, आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स एकच, स्टॅबिलायझेशन बंद, बटण फोनवरच्या अॅपमधून.

सफाईवर माझा जितका वेळ गेला तितका फोटोंवर गेला नाही. ब्लोअर, उंटाच्या केसांचा ब्रश, टाचणीवर गुंडाळलेला चिकटपट्टीचा तुकडा. एरवी धूसर भागात बसलेली धूळ दिसतच नाही. इथे सगळंच स्पष्ट होणार, तेव्हा धूळही स्पष्ट होते. सेन्सरवर बसलेल्या कणाची तर वेगळीच गंमत. फोकस बदलला की चौकट किंचित लहान-मोठी होते, सॉफ्टवेअर ती ताणून जुळवतं, पण सेन्सरवरचा कण प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो. जुळवाजुळवीत त्याची एक बारीक रेघ उमटते, मुंग्यांची रांग चालल्यासारखी. काम सुरू करायच्या आधी सेन्सर साफ करून घेणं स्वस्त पडतं.

दोऱ्याचे सुटलेले तंतू हा आणखी एक छळ. सुती दोऱ्याला बारीक लव असते आणि ती माझ्या श्वासानेही हलत होती. ती काढायची का, असं चाचांना विचारलं. "दोरा दोऱ्यासारखा दिसू दे की," ते म्हणाले. "नायलॉन हाय का त्यो?" मग मी तोंडाला रुमाल बांधून मागे उभा राहू लागलो.

प्रकाशाचा एक प्रयोग सोडून दिला, पण तो सांगतो कारण अनेकजण त्याची शिफारस करतात. तबलीवरचं पॉलिश आरशासारखं चमकतं, त्यात फ्लॅशचा पडदा दिसतो. फ्लॅशवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर पोलरायझर आडवा लावला की ती चमक मारली जाते, लाकडाचे रेषे आतून उजळतात. तबली अप्रतिम आली. तारा मात्र काळ्या पडल्या. धातूवरून परत फिरलेला प्रकाश आपलं पोलरायझेशन सोडत नाही, त्यामुळे फिल्टर तोही अडवतो. पोलादी तारा आणि खर्जाची पितळी तार यांत फरकच उरला नाही, सगळ्या पेन्सिलीने ओढल्यासारख्या. मग पोलरायझर काढून पडदाच मोठा केला आणि वर घेतला. तारेवर एक लांब, सलग उजळ रेघ पडली पाहिजे. ती तुटक झाली तर तार वाकडी वाटते.

आता जोडणी. यासाठी फोटोशॉपही चालतं. थर जुळवा, थर मिसळा, दोन आज्ञांत काम होतं. साध्या वस्तूला पुरतं. मी हेलिकॉन फोकस वापरतो, काही मित्र झेरीन स्टॅकर वापरतात. दोन्हींत या दोन तऱ्हा मिळतात. एक तऱ्हा आधी खोलीचा नकाशा बनवते, कोणता ठिपका कोणत्या फोटोत सर्वांत स्पष्ट आहे ते ठरवते आणि त्यातूनच उचलते. ही गुळगुळीत, सलग पृष्ठभागांवर फार इमानी आहे, रंग आणि पोत जसेच्या तसे. दुसरी तऱ्हा, पिरॅमिडची, फोटोचे बारीक आणि ढोबळ तपशील वेगळे करून प्रत्येक पातळीवर जे जास्त ठळक ते घेते. केस, मिशा, काटे, एकमेकांवरून जाणाऱ्या रेषा हिला चांगल्या जमतात. त्या बदल्यात ती कॉन्ट्रास्ट वाढवते, दाणा वाढवते आणि पांढऱ्याचा पांढरेपणा थोडा बदलून टाकते.

मी पिरॅमिडने घोडी जोडली. पडद्यावर बघितली आणि खूश झालो. चारही तारा कडेपासून कडेपर्यंत, दोऱ्याचा पीळ मोजता येईल असा, हाडावर कानशीच्या बारीक रेघा. पुतण्या म्हणाला, "एक नंबर." चाचांना लॅपटॉप दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, डोळे बारीक केले, आणि बोट नेमकं तिसऱ्या तारेवर ठेवलं.

"ह्याची जवारी वाजणारच न्हाई."

मला समजेना. ते म्हणाले, तार घोडीवरून सुटायच्या आधीच वर उचललेली दिसते, आणि पुढे परत टेकलीय. अशी तार जगात नसते. मी चारशे टक्के झूम केलं. होतं तसंच. फट जिथे सुरू व्हायला पाहिजे त्याच्या दोन-अडीच मिलिमीटर आधी तारेखाली एक फिकट पट्टा आला होता, त्यामुळे तार अधांतरी वाटत होती. आणि जिथे खरी फट होती तिथे ती अर्धवट भरली होती.

कारण सरळ आहे, पण तिथवर पोचायला मला रात्र लागली. फोकस तिसऱ्या तारेवर असताना तिच्या पुढची दुसरी तार धूसर असते, आणि धूसर वस्तू फुगते. मिलिमीटरच्या अंशाची तार फुगून रुंद पट्टा होतो आणि मागची घोडी, नेमकी जवारीची जागा, त्याखाली झाकली जाते. फोकस दुसऱ्या तारेवर आला की ती बारीक होते, मागची जागा मोकळी होते, पण तेव्हा ती मागची जागा धूसर असते. म्हणजे त्या जागेचा स्वच्छ आणि मोकळा फोटो पंचवीसपैकी एकाही फोटोत नाही. सॉफ्टवेअरसमोर दोन वाईट पर्याय आणि त्याने दोन्हींतलं थोडं थोडं घेतलं. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ही चूक नाहीच, ते फक्त ठळकपणा मोजतं. तारेला जवारी असते हे त्याला कोण सांगणार?

मला यात एक गोष्ट खटकली ती अशी की फोटो बघणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना तो निर्दोष वाटला असता. मलाही वाटला होता. आणि उरलेले जे दहा, तेच गिऱ्हाईक.

मग तीन गोष्टी केल्या.

पहिली आणि मोठी: कोन बदलला. ज्या कोनातून पुढची तार मागच्या तारेच्या जवारीवरून जाते तो कोनच टाळायचा. कॅमेरा थोडा वर आणि थोडा मागच्या अंगाला, लंगोटाकडे नेला, तेव्हा चारही तारांच्या मध्ये घोडीचं हाड मोकळं दिसू लागलं. फट जरा कमी नाट्यमय दिसते, पण दिसते. स्टॅकिंगची निम्मी भांडणं कॅमेऱ्याची जागा ठरवतानाच मिटतात, सॉफ्टवेअरच्या खिडकीत नंतर ती मिटत नाहीत.

दुसरी: अॅपर्चर एफ/८ वरून एफ/११ वर नेलं. करकरीतपणा किंचित कमी झाला, पण धूसर तार कमी फुगते, त्यामुळे झाकली जाणारी जागा आक्रसली. वेबसाइटवर फोटो शेवटी दोन हजार पिक्सेलचा जाणार, तिथे हा सौदा फायद्याचा आहे.

तिसरी गोष्ट हाताची. तबली, भोपळा, घोडीचे पाय, हाडाची पट्टी हे सगळं खोलीच्या नकाशाच्या तऱ्हेने जोडून घेतलं, रंग खरे राहिले. मग त्याच्यावर पिरॅमिडवाल्या जोडणीतल्या फक्त तारा ब्रशने उतरवल्या. आणि जवारीच्या चार जागा कोणत्याच जोडणीतून न घेता मूळ सुट्या फोटोंतून उचलल्या. प्रत्येक तारेसाठी एक फोटो, ज्यात तार सुटण्याची जागा सर्वांत स्वच्छ आहे तो. हेलिकॉनमध्ये आणि झेरीनमध्येही ही सोय आहे: मूळ फोटो शेजारी उघडायचा आणि त्यातलं हवं तेवढं अंतिम चित्रावर रंगवायचं. हे करताना चाचा शेजारी स्टुलावर बसले होते. मी विचारत होतो, इथे टेकली? ते म्हणत होते, मागं, आणखी मागं, हां, बास. मधूनच उठून खऱ्या तंबोऱ्यावर जाऊन तार छेडून यायचे, आणि परत स्टुलावर.

चाचांनी मला एक गोष्ट मात्र ठामपणे करू दिली नाही. पट्टीवर दोन ठिकाणी कानशीची खोल रेघ होती, पुतण्याला ती पुसून हवी होती. फोटोशॉपमध्ये तीस सेकंदांचं काम. चाचा म्हणाले, ती रेघ हाताची हाय, ती बघूनच त्याला कळणार की पट्टी यंत्रावर घासलेली न्हाई. पुतण्या कुरकुरला. रेघ राहिली.

दोऱ्याच्या जवळच्या फोटोत आणखी एक निवड करावी लागली. पन्नास फोटो काढले म्हणून पन्नासही जोडले पाहिजेत असं नाही. पहिल्यांदा सगळे जोडले तेव्हा दोरा, तार, मागचे मणी, तबलीवरची नक्षी, सगळं एकसारखं टोकदार झालं, आणि नजर कुठे ठेवावी तेच कळेना. मग शेवटचे पंधरा-सोळा फोटो जोडणीतून वगळले. दोरा आणि दोन तारा स्पष्ट, मणी मऊ. स्टॅक कुठे थांबवायचा हे जोडताना ठरवता येतं, म्हणून काढताना थोडे जास्तच काढून ठेवावेत, पुढच्या कडेच्या अलीकडून सुरू करून मागच्या कडेच्या पलीकडे. पुढे एखादा कमी पडला तर काहीच उपाय नसतो. तंबोरा पुन्हा त्याच जागी बसत नाही.

मण्यांचा वेगळा फोटो मात्र सरळ निघाला. मणी तबलीला टेकलेले, पोकळी नाही, एका झटक्यात जोडला गेला. नक्षीचाही तसाच. तिथे स्टॅकिंगची गरजच नव्हती, तबली तिथे जवळजवळ सपाट, कॅमेरा समोरून समांतर धरला की एका फोटोत काम होतं. बेदाण्याच्या पाकिटालाही लोक स्टॅक मागतात, कुठेतरी ऐकलेलं असतं. मी पाकीट सरळ उभं करतो, एफ/११, एक फोटो. पैसे तेवढेच घेतो.

चाचांच्या दुकानाचं काम आता असं वाटून घेतलंय. भोपळा, दांडी, खुंट्या, नक्षी, पूर्ण वाद्य, हे सगळे फोटो पुतण्या फोनवरून काढतो, खिडकीच्या उजेडात, बटर पेपरचा पडदा मी त्याला देऊन ठेवलाय. जवारी तेवढी माझ्याकडे. महिन्यातून एकदा तयार वाद्यं साठली की निरोप येतो, मी संध्याकाळची मिरजेची बस धरतो. ट्रायपॉडचे पाय जिथे टेकतात तिथे फरशीवर रंगाच्या खुणा केल्यात, तंबोऱ्याचा भोपळा बसवायची उशीची रिंग आहे तिच्यावरही, त्यामुळे मांडामांडीचा वेळ वाचतो. जोडणी तिथेच करतो. चाचांनी तार बघून मान हलवल्याशिवाय फाइल पुतण्याच्या पेनड्राइव्हवर जात नाही. गेल्या वेळी एका तंबोऱ्याच्या फोटोवर त्यांनी बराच वेळ मान हलवलीच नाही. मी परत जवारीची जागा तपासू लागलो तर म्हणाले, फोटो बरोबर हाय, दोराच सरकलाय. आणि उठून तो आधी जागेवर लावला.